चंद्रकांत मांढरे : राजारामपुरीतले घर आणि एका कर्त्या कलावंताचे आयुष्य

मराठी चित्रपटातले नायक, पुढे चरित्र अभिनेते आणि जन्मभर निसर्गचित्रकार राहिलेले चंद्रकांत मांढरे १३ ऑगस्ट १९१३ रोजी जन्मले आणि १७ फेब्रुवारी २००१ रोजी निवर्तले. त्यांचे मूळ नाव गोपाळ. पडद्यावरचे 'चंद्रकांत' हे नाव इतके रुळले की पुढे जगाने त्यांना त्याच नावाने ओळखले. सत्त्याऐंशी वर्षांच्या या आयुष्यात १९३६ पासून १९९५ पर्यंत त्यांनी कॅमेऱ्यासमोर काम केले आणि त्याच काळात कागद, रंग आणि कुंचलाही कधी सोडला नाही. कोल्हापुरातल्या राजारामपुरीत त्यांचे घर होते. त्या घरात आज त्यांच्याच नावाचे कलासंग्रहालय आहे. नट म्हणून त्यांची आठवण अनेकांनी काढली आहे. धाकट्या भावाचा थोरला, घराचा कर्ता आणि आयुष्यभराची कमाई हयातीतच समाजाच्या हाती देणारा गृहस्थ, या नात्याने त्यांचे आयुष्य तितकेच मोलाचे आहे.

ज्या कोल्हापुरात ते वाढले

चंद्रकांत जन्मले तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर राजर्षी शाहू महाराज होते. कुस्ती, गाणे, नाटक आणि चित्रकला या चारही कलांना दरबारचा आधार होता. खासबागेचे कुस्ती मैदान आणि त्याला लागूनच उभे राहिलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, ही त्याच काळातली बांधकामे. आबालाल रहिमान हे दरबारचे चित्रकार होते. पंचगंगेचा काठ, रंकाळा, कोटितीर्थ या जागा त्यांनी जलरंगांत टिपल्या आणि कोल्हापूरच्या पुढच्या पिढ्यांना निसर्गचित्राचा धडा घालून दिला. घराबाहेर पडायचे, समोरचा उजेड बघायचा आणि तो ओसरण्याआधी कागदावर उतरवायचा, ही सवय कोल्हापूरच्या चित्रकारांना तिथून लागली. चंद्रकांतांची चित्रकला याच परंपरेतली आहे.

दुसरा धागा सिनेमाचा. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले चुलतभाऊ. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता त्यांना 'पेंटर' हे नाव पडले. दोघांनी मिळून चित्रपटाचा कॅमेरा तयार करण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव वारले, तरी बाबूरावांनी काम थांबवले नाही. त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट लोकांपुढे आणला. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, बाबूराव पेंढारकर ही पुढे गाजलेली मंडळी याच कंपनीत तयार झाली.

नात्यागोत्यांवर उभा राहिलेला धंदा

कोल्हापूरच्या चित्रपटधंद्याचे एक वैशिष्ट्य चंद्रकांतांचे आयुष्य समजून घ्यायला उपयोगी पडते. हा धंदा भांडवलदारांनी उभा केला नव्हता. तो कारागीर घरांतून वर आला होता आणि त्याची माणसे एकमेकांच्या नात्यातली होती. पेंटर बंधू चुलतभाऊ होते. बाबूराव पेंढारकर आणि भालजी पेंढारकर सख्खे भाऊ, मास्टर विनायक त्यांचे सावत्र भाऊ, आणि शांताराम याच गोतावळ्यातले मावसभाऊ. एकाने कंपनीत पाऊल टाकले की त्याच्या मागून दुसरा येई. थोरला काम शिके आणि धाकट्याला शिकवी.

या पद्धतीत गुण होते तसे ओझेही होते. पगार महिन्याला ठरलेला असला तरी कंपनी बुडाली की तो थांबे. कोल्हापुरात अनेक कंपन्या निघाल्या आणि काही वर्षांत मिटल्याही. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली. कोल्हापूर सिनेटोन आणि शालिनी सिनेटोन यांचाही उमेदीचा काळ थोडाच ठरला. अशा वेळी एका भावाचे काम बंद पडले तर दुसऱ्याच्या कमाईवर चूल पेटे. त्यामुळे या धंद्यातल्या कर्त्या माणसाला आपल्या कलेबरोबर घरातल्या माणसांचाही हिशेब सतत मनात ठेवावा लागे. चंद्रकांतांनी ज्या काळात काम सुरू केले, तो हाच काळ.

बाबूराव पेंटर यांची शाळा

चंद्रकांतांच्या कामाची सुरुवात बाबूराव पेंटर यांच्या छत्राखाली झाली. बाबूरावांकडे शिकणे म्हणजे एकाच वेळी अनेक कामे शिकणे. बाबूराव स्वतः चित्रकार, शिल्पकार, यंत्रांचे जाणकार आणि दिग्दर्शक होते. दृश्य चित्रित करण्याआधी ते कागदावर रेखाटत. कुठे उजेड पडेल, कुठे सावली राहील, माणूस चौकटीत कुठे उभा असेल, हे त्यात आधीच ठरलेले असे. चित्रपटाची जाहिरात करण्यासाठी मोठी रंगीत पोस्टर काढण्याची प्रथाही त्यांनी रुजवली. ती हाताने रंगवलेली असत.

पोस्टर रंगवणे हे मेहनतीचे काम. छोट्या रेखाटनावर चौकोन आखायचे, तेच चौकोन मोठ्या कापडावर वाढवून घ्यायचे आणि मग चेहरा उतरवायचा. जवळून पाहिले तर नुसते रंगाचे फटकारे, लांबून पाहिले तर नायिकेचे डोळे. रस्त्याने जाणारा माणूस क्षणभर थांबला पाहिजे, एवढेच त्या चित्राचे काम. अशा कामात हात घट्ट होतो आणि नजर मोठ्या आकारांना सरावते. कोल्हापुरात हे शिक्षण घेऊन पुढे मोठे झालेले चित्रकार पुष्कळ आहेत. चित्रपटांच्या पोस्टरांनी नाव कमावलेले आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे सर्वमान्य झालेले चित्र काढणारे जी. कांबळे हे त्यांपैकीच एक.

१९३६ मध्ये बाबूरावांनी आपल्याच १९२५ च्या 'सावकारी पाश' या मूकपटाची बोलती आवृत्ती शालिनी सिनेटोनसाठी केली. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकाराच्या कर्जात जमीन गमावून शहराच्या वाटेला लागलेल्या शेतकऱ्याची ही गोष्ट. मूकपटात शांताराम होते. बोलपटात चंद्रकांत पडद्यावर आले. बाबूरावांना देखणा चेहरा आणि कसलेली देहयष्टी दिसली असणार हे उघड आहे. पण त्यांच्या तालमीत तयार झालेल्या माणसाला प्रकाश कसा पडतो आणि चौकटीत आपण कुठे आहोत हेही कळत असे. चित्रकाराच्या नजरेचा हा लाभ चंद्रकांतांना नट म्हणून शेवटपर्यंत झाला.

प्रभात, भालजी आणि नायकाची वर्षे

१९४० च्या दशकाच्या सुरुवातीला चंद्रकांतांचे नाव महाराष्ट्रभर झाले. १९४१ हे वर्ष त्यांच्या दृष्टीने विशेष. त्या वर्षी शांतारामांचा 'शेजारी' प्रभातने प्रदर्शित केला. एका गावातले दोन शेजारी, एक हिंदू आणि एक मुसलमान. धरण बांधायला आलेल्या माणसाच्या स्वार्थापायी त्यांच्यात वितुष्ट येते आणि फुटणाऱ्या धरणावर दोघे एकमेकांचा हात धरून प्राण सोडतात. केशवराव दाते आणि गजानन जागीरदार या दोन थोर नटांच्या भोवती तरुण पिढीची गोष्ट गुंफलेली होती आणि त्यात जयश्रीबरोबर चंद्रकांत होते. धर्मावरून देशात ताण वाढत असताना हा चित्रपट आला होता, हे लक्षात घेतले की त्याचे मोल कळते.

त्याच वर्षी भालजी पेंढारकरांचा 'थोरातांची कमळा' आला. त्यात चंद्रकांत संभाजीराजे होते आणि कमळेच्या भूमिकेत सुमती गुप्ते. ऐतिहासिक चित्रपटाच्या नायकाला लागणारे सगळे त्यांच्याकडे होते. घोड्यावर बसणे, तलवार पेलणे, भरजरी पोशाखात अवघडल्यासारखे न दिसणे आणि लांबलचक संवाद श्वास न तुटता बोलणे. पुढे विजय भट्ट यांच्या 'रामराज्य'च्या मराठी आवृत्तीत त्यांनी रामाची भूमिका केली.

भालजींशी जुळलेले हे नाते चंद्रकांतांच्या कारकिर्दीत मध्यवर्ती आहे. भालजींनी कोल्हापुरात राहून, कोल्हापूरच्या माणसांना घेऊन, इतिहास आणि ग्रामीण जीवन या दोन विषयांवर चित्रपट काढले. त्यांच्या जयप्रभा स्टुडिओत नट, तंत्रज्ञ, सुतार, रंगारी, शिंपी ही सगळी गावातलीच माणसे असत. मुंबईत जे काम दहा ठिकाणी विखुरलेले असे, ते इथे एका आवारात चाले. नटाला सकाळी घरून निघून रात्री घरी परत येता येई. ज्याला मुलेबाळे आणि म्हातारी माणसे सांभाळायची आहेत त्याच्यासाठी ही सोय फार मोठी होती, आणि कोल्हापूरचे बरेच कलावंत मुंबईचा मोह टाळू शकले ते यामुळेच.

पडता काळ

याच दशकात धंद्यावर दोन आघात झाले. दुसऱ्या महायुद्धामुळे कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आले. चित्रपटाची लांबी अकरा हजार फुटांपर्यंत मर्यादित झाली, परवाना मिळाल्याशिवाय चित्रपट सुरू करता येईना. मोठा बाजार असलेल्या हिंदी चित्रपटांना हे झेपले. मराठी निर्मितीला मात्र ओहोटी लागली. त्याच सुमारास प्रफुल्ल पिक्चर्सचा कारभार घेऊन मास्टर विनायक मुंबईला गेले. दीनानाथ मंगेशकरांच्या निधनानंतर याच कंपनीत काम करून भावंडांचे घर चालवणाऱ्या किशोरवयीन लता मंगेशकरही तेव्हाच मुंबईला गेल्या.

दुसरा आघात अधिक थेट होता. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली आणि त्यानंतरच्या दंगलीत जयप्रभा स्टुडिओला आग लावण्यात आली. सेट, सामान आणि चित्रपटांच्या प्रती जळाल्या. भालजींनी स्टुडिओ पुन्हा उभा केला, पण कर्जाचा डोंगर झाला आणि पुढे मालकीही त्यांच्या हातून गेली. ज्यांची रोजीरोटी त्या आवारावर होती, त्या सगळ्या घरांना या आगीची झळ लागली.

अशा काळात हाताशी दुसरे कसब असणे ही कुटुंबवत्सल माणसाची खरी पुंजी असते. चंद्रकांतांकडे चित्रकला होती. तिच्यासाठी स्टुडिओ लागत नव्हता, निर्माता लागत नव्हता, फिल्मचा परवाना लागत नव्हता. लागत होता तो कागद, थोडे रंग आणि सकाळचा उजेड. नटाचे काम दुसऱ्याने बोलावल्यावर सुरू होते. चित्रकाराचे काम स्वतः ठरवल्यावर. या दुसऱ्या कामामुळे चंद्रकांतांचा दिवस कधी रिकामा राहिला नाही, आणि रिकामा दिवस हाच कलावंताच्या घरातला सर्वांत मोठा शत्रू असतो.

शिवाजी महाराजांची भूमिका

१९५२ मध्ये भालजींचा 'छत्रपती शिवाजी' प्रदर्शित झाला. तो मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत होता. मिर्झाराजे जयसिंगांच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर आणि शिवाजी महाराजांच्या भूमिकेत चंद्रकांत. महाराष्ट्रात या भूमिकेची जबाबदारी किती मोठी असते हे वेगळे सांगायला नको. नटाने चूक केली तर प्रेक्षक क्षमा करत नाही आणि चोख केली तर त्याला आयुष्यभर त्याच रूपात पाहतो. चंद्रकांतांच्या बाबतीत दुसरे घडले. एका पिढीच्या डोळ्यांपुढे शिवराय आले ते त्यांच्या चेहऱ्याने.

अशी प्रतिमा चिकटलेल्या माणसाला खासगी आयुष्यातही जपून वागावे लागते. रस्त्यावर, बाजारात, देवळात लोक त्याच्याकडे त्या भूमिकेच्या आदराने पाहतात. चंद्रकांतांच्या नावाभोवती शेवटपर्यंत जो आदर राहिला, त्याचे श्रेय पडद्यावरच्या कामाइतकेच त्या कामाला साजेशा राहणीलाही आहे.

थोरला आणि धाकटा

चंद्रकांतांचे धाकटे भाऊ वामन. ते सुमारे बारा वर्षांनी लहान. पडद्यावर ते सूर्यकांत झाले आणि मांढरे घराण्याची ही जोडी चंद्र-सूर्याच्या नावांनी ओळखली जाऊ लागली. सूर्यकांतांची पहिली पावले १९३८ च्या 'ध्रुव'मध्ये पडली, म्हणजे थोरल्याच्या पदार्पणानंतर दोन वर्षांनी. पुढे भालजींच्याच चित्रपटांतून ते घडले आणि 'मीठ भाकर', 'शिलंगणाचे सोने', 'साधी माणसं' अशा चित्रपटांनी लोकप्रिय नायक झाले. तेही चित्रकार होते. दोघा भावांचे गुरू सारखे, शहर सारखे आणि छंदही सारखा.

दोन भाऊ एकाच धंद्यात, एकाच प्रकारच्या भूमिकांत असले की तुलना अटळ असते. एकाला भूमिका मिळते म्हणजे दुसऱ्याची जाते, असा हिशेब लोकच मांडतात. मराठी चित्रपटात पन्नाशीच्या दशकात नेमके तेच वळण आले होते. थोरला नायकाच्या वयातून बाहेर पडत होता आणि धाकटा ऐन उमेदीत होता. चंद्रकांतांनी आपला मोर्चा चरित्र भूमिकांकडे वळवला. धाकट्यासाठी वाट मोकळी करून देणारा थोरला आपल्याकडच्या घरांतून नवा नाही. पण प्रसिद्धीच्या धंद्यात ही गोष्ट अवघड असते आणि ती या घरात शांतपणे झाली.

१९५९ मध्ये अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला आणि त्यात दोघे भाऊ होते. हंसा वाडकर आणि जयश्री गडकर यांच्यामुळे तो चित्रपट तमाशापटाचा मापदंड ठरला. पुण्यातल्या विजयानंद चित्रपटगृहात तो सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. त्यानंतरची दोन दशके मराठी पडद्यावर पाटील, सरपंच, फड आणि बैलगाड्यांच्या शर्यती यांचे राज्य होते. कोल्हापूरच्या नटांना या चित्रपटांनी भरपूर काम दिले.

सूर्यकांतांनी आपल्या आत्मकथनाला 'धाकटी पाती' हे नाव दिले. आयुष्यभर स्वतःच्या बळावर नायक म्हणून गाजलेल्या माणसाने आपली ओळख धाकटेपणाने करून द्यावी, यात थोरल्याचे स्थान आपोआप आले. भावाने भावाबद्दल दिलेली याहून मोठी पावती कोणती असेल? सूर्यकांत २२ ऑगस्ट १९९९ रोजी गेले. धाकट्याच्या जाण्याचे दुःख थोरल्याला वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी सोसावे लागले.

चित्रकाराचे काम

चंद्रकांतांची चित्रे मुख्यतः निसर्गाची. जलरंग, तैलरंग आणि पेस्टल या सगळ्या माध्यमांत त्यांनी काम केले, पण त्यांचे नाव विशेषकरून घेतले जाते ते पावडर शेडिंगसाठी. या पद्धतीत रंगाची किंवा कोळशासारख्या काळ्या द्रव्याची बारीक पूड कापसाने, बोटाने किंवा गुंडाळलेल्या कागदाच्या टोकाने कागदावर चोळून छटा आणतात. कुंचल्याची रेघ दिसत नाही. गडद भाग हळूहळू वाढवत नेतात आणि उजेडाच्या जागा रबराने उचलून मोकळ्या करतात. धुके, पहाट, पाण्यावरचा उजेड, दूरची डोंगररांग हे विषय या माध्यमाला फार चांगले साजतात. हात जड पडला तर कागद मळतो आणि मळलेला कागद पुन्हा उजळत नाही. म्हणून या कामाला घाई चालत नाही.

कोल्हापूरच्या आसपास अशा विषयांची वाण नाही. पश्चिमेला सह्याद्री, मधे पंचगंगेचे खोरे, उसाचे मळे, नदीचे घाट, पन्हाळ्याची वाट. पावसाळ्यात चार महिने या मुलखाचा उजेड सतत बदलत असतो. आबालाल रहिमान यांनी पाहिलेला हाच मुलूख चंद्रकांतांनी पुन्हा पाहिला. नटाच्या कामात गर्दी असते, आवाज असतो, दुसऱ्याचे संवाद असतात. चित्र काढताना माणूस एकटा असतो. सहा दशके गर्दीत काम करूनही चंद्रकांतांनी हा एकांत जपला आणि त्यातून शेकडो चित्रे तयार झाली.

राजारामपुरी

राजारामपुरी ही कोल्हापूरची जुन्या गावाबाहेर आखून वसवलेली वस्ती. छत्रपती राजाराम महाराजांचे नाव तिला मिळाले. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ या जुन्या पेठांमध्ये बोळ वाकडेतिकडे आहेत. राजारामपुरीत मात्र सरळ रस्ते आणि क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आहेत. पत्ता सांगताना माणूस गल्लीचा आकडा सांगतो आणि रिक्षावाला नेमका तिथे आणून सोडतो. शिक्षक, वकील, डॉक्टर, व्यापारी, सरकारी नोकर अशा मध्यमवर्गाने इथे घरे बांधली. 'ययाति'कार वि. स. खांडेकर यांचेही वास्तव्य याच वस्तीत होते. आज मुख्य रस्त्यावर कापडाची, सोन्याचांदीची आणि मोबाइलची दुकाने झाली आहेत, तरी आतल्या गल्ल्यांत जुने बंगले आणि दारातली झाडे अजून तग धरून आहेत.

याच राजारामपुरीत सातव्या गल्लीत चंद्रकांतांचे घर. सिनेमातल्या माणसाने कष्टाच्या पैशातून बांधलेल्या घराला एक वेगळे महत्त्व असते. महिन्याचा पगार थांबू शकतो, कंपनी बंद पडू शकते, पण छप्पर राहते. घरातल्या माणसांना त्याचाच भरवसा असतो. म्हणूनच चंद्रकांतांनी पुढे जे केले ते साधे नाही. १९८० च्या दशकात त्यांनी हे घर आणि आपली चित्रे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केली. त्यातून 'चंद्रकांत मांढरे कलासंग्रहालय' उभे राहिले. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये विभागाकडे त्याची व्यवस्था आहे.

या निर्णयाकडे कुटुंबाच्या बाजूनेही पाहायला हवे. घर देणे म्हणजे वारसांचा वाटा देणे. एकट्या माणसाच्या मनात आले म्हणून असे होत नाही. घरच्यांनी होकार द्यावा लागतो. कुटुंबवत्सल माणूस म्हणजे सगळे काही आपल्या माणसांसाठी साठवून ठेवणारा, असे आपण सहज समजतो. मांढरे यांच्या घराने त्याहून मोठे उदाहरण घालून दिले. आपल्या माणसांना पोसून, वाढवून, मार्गी लावून झाल्यावर जे उरले ते त्यांनी गावाचे केले. चित्रे वाटून दिली असती तर ती दहा घरांच्या भिंतींवर गेली असती आणि पुढच्या पिढीत हरवली असती. एकत्र राहिल्याने चित्रकाराचा सगळा प्रवास एका ठिकाणी पाहता येतो.

आपल्याकडे कलावंतांच्या मागे त्यांच्या कामाची जी दुर्दशा होते ती पाहिली की या दूरदृष्टीचे महत्त्व पटते. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक चित्रपट आज उपलब्ध नाहीत. जयप्रभातल्या आगीने बरेच काही नेले. हाताने रंगवलेली पोस्टर पावसात भिजली, रद्दीत गेली. कोल्हापूरने भारतीय चित्रपटाला एवढे दिले, पण त्या कामाच्या वस्तू हाताला लागतात त्या फारच थोड्या. त्यात मांढरे यांचा संग्रह अखंड राहिला, कारण त्यांनी तो जिवंतपणी, शुद्धीत आणि नीट कागदोपत्री व्यवस्था लावून सुपूर्द केला.

बनगरवाडीचा कारभारी

वयाच्या ऐंशीनंतरही चंद्रकांतांचे अभिनयाचे काम संपले नव्हते. व्यंकटेश माडगूळकर यांच्या १९५५ च्या 'बनगरवाडी' या कादंबरीवर अमोल पालेकरांनी चित्रपट केला, त्यात चंद्रकांत मांढरे यांनी कारभाऱ्याची भूमिका केली. माणदेशातल्या धनगरवाडीत नेमणूक झालेला तरुण मास्तर आणि वाडीचा म्हातारा कारभारी यांचे नाते हा या कथेचा कणा. मास्तरावर जीव लावणारा, त्याच्यावर रुसणारा, वाडीचे बरेवाईट आपल्या डोक्यावर घेणारा हा म्हातारा मराठी साहित्यातला एक थोर कर्ता पुरुष आहे.

ही भूमिका त्यांना मिळाली हे योग्यच झाले. ज्याने पंचवीस-तिशीत राजे आणि राम उभे केले, त्याने आता फाटक्या घोंगडीतला माणूस उभा केला. संवाद थोडे, हालचाल मंद, नजरेत मात्र सगळी वाडी. भालजींच्या चित्रपटांतली भारदस्त संवादफेक इथे उपयोगाची नव्हती आणि त्यांनी ती बाजूला ठेवली. जुन्या वळणाच्या नटाने उतारवयात नव्या पद्धतीचे काम इतक्या सहजतेने आत्मसात करावे, हे शिकण्याची तयारी शाबूत असल्याचे लक्षण आहे. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आयुष्याचा हिशेब

चंद्रकांत मांढरे यांच्या आयुष्यातून कलेच्या धंद्यातल्या माणसाने घेण्यासारखे तीन धडे निघतात. पहिला, एका कामावर सगळे अवलंबून ठेवू नये. अभिनयाबरोबर त्यांनी चित्रकला जपली आणि पडत्या काळात मन व हात दोन्ही कामात राहिले. दुसरा, वयाप्रमाणे जागा बदलावी. नायकाची खुर्ची त्यांनी वेळेवर सोडली आणि म्हणूनच त्यांना ऐंशीनंतर कारभारी मिळाला. तिसरा, मागे काय ठेवायचे याचा विचार हयातीत करावा. मृत्युपत्रात लिहून ठेवलेल्या इच्छा पुष्कळदा कागदावरच राहतात. त्यांनी स्वतः उभे राहून आपल्या कामाची सोय लावली.

घर सांभाळणाऱ्या माणसाचे चरित्र लिहिणे अवघड असते. त्याची बरीचशी कामगिरी न घडलेल्या गोष्टींत असते. घर फुटले नाही, भावाभावांत वितुष्ट आले नाही, कर्ज दारात आले नाही, म्हातारपणी कोणापुढे हात पसरावा लागला नाही. अशा गोष्टींची बातमी होत नाही आणि त्यांना पुरस्कारही नसतात. नाटक-सिनेमाच्या धंद्यात मात्र या न घडलेल्या गोष्टी फार दुर्मीळ आहेत. अनेक नामवंत नटांची अखेर हलाखीत झाल्याच्या कहाण्या महाराष्ट्राला पाठ आहेत. त्या पार्श्वभूमीवर मांढरे यांचे स्थिर, नेटके आणि देते आयुष्य उठून दिसते.

त्यांचे सगळे चित्रपट आज सहज पाहायला मिळत नाहीत. चित्रे मात्र पाहता येतात. कोल्हापुरात येणारा पाहुणा अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर फिरतो, पन्हाळा पाहतो आणि परत जातो. राजारामपुरीतल्या संग्रहालयासाठी त्याने एक तास काढावा. कोल्हापूरच्या शाळांनी आपल्या मुलांना तिथे आवर्जून न्यावे आणि राजारामपुरीकरांनी तर आपल्याच गल्लीतले हे धन स्वतः पाहून इतरांना दाखवावे. दिलेल्या घराचे ऋण फेडायचे असेल, तर त्या घरात माणसांची ये-जा राहिली पाहिजे.